आधी पोचलेलं पाणी

पाण्याच्या खात्यात नवरा-बायकोने एकाच तुकडीत काम करू नये असा नियम नव्हता, पण असायला हवा होता. आम्ही दोघं करत होतो, आणि ऐन कामाच्या दिवसांत आम्हाला एकमेकांचं तोंड बघायची बंदी असे.

काम असं. जमिनीखालचं पाणी कुठे शिरतं आणि कुठे निघतं ते वरून दिसत नाही. दगडाच्या भेगांतून, वाळूच्या कणांमधून, कधी माणूस उभा राहील एवढ्या पोकळीतून ते आपल्या वाटेने जात असतं. ती वाट शोधायची तर वरच्या भोकात रंग ओतायचा आणि खाली झऱ्याशी वाट बघत बसायचं. रंग उतरला की समजायचं, दोन्हीकडचं पाणी एक. रंग असा जहाल, की खसखशीएवढा कण घरच्या टाकीला पुरे. म्हणून आमच्यात दोन गट. ओतणारे ते रंगवाले, झऱ्याशी बसणारे ते पाणीवाले. रंगवाल्याने झऱ्याकडे फिरकायचं नाही, पाणीवाल्याच्या गाडीत बसायचं नाही, त्याच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही. निकाल लागेपर्यंत मध्ये फक्त टेलिफोनची तार.

आमचे हे रंगवाले होते. मी पाणीवाली.

सासूबाई माझ्याबरोबर खाली राहत. त्यांना हे प्रकरण कधीच पटलं नाही. "माझ्या पोराला काय गोवर झालाय?" त्या विचारायच्या. "लग्न लावून दिलं, आणि आता ही म्हणते, लांब उभे राहा, हात लावू नका. नातवंडं काय टपालाने येणार आहेत?"

मी हसायचे. तरुण होते. विरहाचीही एक गंमत असते त्या वयात. संध्याकाळी फोन वाजला की धावत जायचं, आणि तुकडीच्या साहेबांनी सांगितलेल्या कामाच्या गोष्टी आधी बोलायच्या, मग उरलेल्या.

ते गाव एका लांबलचक कड्याच्या पायथ्याशी होतं. कडा चुनखडीचा, उन्हात डोळे दिपावेत इतका पांढरा. गावातल्या प्रत्येक किटलीच्या तळाशी दगडाचं पुट धरलेलं असे, नळांच्या तोंडांना पांढरी दाढी फुटलेली असे. सगळं गाव एका झऱ्यावर जगत होतं. झऱ्यावर दगडी खोली बांधलेली होती, बुटकी, लोखंडी दाराची. आत शिरलं की बाहेरचं जग मिटायचं. समोरच्या खडकात उभी फट, आणि तिच्यातून पाणी एवढ्या गुमान बाहेर यायचं, की ते वाहतंय हे टाक्याच्या कडेवरून ओघळताना बघूनच कळायचं. आवाज कानाला नसे, तळव्यांना असे. चप्पल काढून फरशीवर उभी राहिले की खालून एक बारीक घुमणं पायात चढायचं, पोटापर्यंत. बाहेर कडाका असो की काहिली, पाण्याचा गारवा तोच. मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा मनात आलं, आपल्याला याचं वय माहीत नाही. काल पडलेला पाऊस असेल, नाहीतर माणूस या पृथ्वीवर यायच्या आधीचा.

टाक्याच्या तोंडाशी पाला अडवायला तारेची जाळी होती. ती साफ करायचं काम माझं. शेजारी पंपघर, तिथे फोन, आणि पंपघराच्या मागच्या खोलीत माझी प्रयोगशाळा: एक टेबल, खिडक्यांना काळं कापड, आणि एक जांभळा दिवा. त्या दिव्याखाली रंगाचा अंशसुद्धा लपत नसे. झऱ्यात कोळशाच्या भुग्याच्या पुड्या टांगून ठेवायच्या, कोळसा रंग धरून ठेवतो. मग पुडी काढायची, औषधात बुडवायची, दिव्याखाली धरायची.

वर, कड्याच्या माथ्यावर, एक ओढा उघड्या माळावरून येऊन अचानक एका खड्ड्यात उतरायचा आणि नाहीसा व्हायचा. खड्डा नरसाळ्यासारखा. त्याला आम्ही घसा म्हणायचो. शेजारी सिमेंटचा कारखाना उभा राहत होता आणि त्यांना आपला सगळा गाळ त्या घशात सोडायचा होता. त्यांचं म्हणणं, हे पाणी कड्याच्या पलीकडे निघतं, गावाशी संबंध नाही. संबंध असेल तर गावाचं पाणी संपलं. ते ठरवायला आम्ही गेलो होतो.

माथ्यावर वारा इतका, की हाक ऐकू येत नसे. म्हणून रंगवाल्यांच्या गळ्यात पितळी शिट्ट्या. दोन आखूड म्हणजे मागे या, एक लांब म्हणजे रंग ओतून झाला. ह्यांच्या शिट्टीचं तोंड ओठाला बोचायचं, म्हणून ह्यांनी ते डाव्या बाजूने कानशीने घासून तिरकं केलं होतं. विचार करताना ती दातात धरायची सवय. घरी असले की सासूबाई ओरडायच्या, "काढ ते तोंडातून, दात येतायत का तुला?"

पहिल्या खेपेला रंग ओतायच्या आधी मी नेहमीप्रमाणे कोऱ्या पुड्या टांगल्या. झऱ्यात मुळात काही नाही याची खात्री करायला कोऱ्या पुड्या लागतात. त्या कोऱ्याच निघतात, म्हणून ते काम कंटाळ्याचं. मी पुडी काढली, औषधात घातली, दिवा लावला.

बाटली हिरवी पेटली.

मी दिवा विझवला. हात धुतले, बाटली बदलली, दुसरी पुडी घेतली. तीही हिरवी. असा स्वच्छ हिरवा, की खोलीच्या भिंतीवर माझी सावली पडली.

साहेब त्या वेळी खालीच होते. उंच, वाकलेले, खिशात नेहमी पेपरमिंट. शांत माणूस. त्यांनी बाटली बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि बिचारे लाजले.

"तुम्ही दोघं... भेटला होतात का?"

"नाही हो साहेब."

"म्हणजे चुकून, कधी, उभ्या उभ्या..."

सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या, दारातच. "भेटले असते तर मला इथे डबे पोचवायला वेळ असता का? घरात पाळणा हलला असता."

साहेबांनी पेपरमिंट तोंडात टाकलं. वर फोन लावला. रंगाचे कॅन खोलीत बंद होते, सील जसंच्या तसं. रंग दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. ठरल्याप्रमाणे ओतला. त्यानंतर मी जेवढ्या पुड्या टांगल्या तेवढ्या कोऱ्या निघाल्या. आठवडे गेले. हिरवा जो यायचा होता तो येऊन गेला होता.

"कुठेतरी घोटाळा झालाय," साहेब म्हणाले. मलाही तेच वाटलं. हिशेबाच्या जगात वाढलेली माणसं आम्ही. न जुळणाऱ्या गोष्टीला आम्ही आधी घोटाळाच म्हणतो.

दुसऱ्या खेपेला साहेब स्वतः वर गेले. दोन कॅन बरोबर, एक हिरवा, एक लाल. कोणता ओतायचा हे कुणाला सांगायचं नाही, आयत्या वेळी मनाने ठरवायचं, म्हणजे खाली कुणाला काही करायचंच असेल तरी करता येणार नाही. मला हे लागलं. पण साहेबांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

सकाळी मी झऱ्याच्या खोलीचं दार उघडलं. पुडी काढायची गरजच पडली नाही. फटीतून येणारं पाणी गुलाबी होतं. टाक्यात तो गुलाबी साचून लाल झाला होता आणि दारातून आलेलं ऊन त्यावर पडून छतावर हलत होतं. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. भीती नव्हती वाटत. मोठ्या माणसाच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटत होतं.

मग फोन.

"साहेब, लाल आलाय."

पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग साहेब म्हणाले, "मी अजून खोलीतून निघालोही नाही. दोन्ही कॅन समोर आहेत. कोणता न्यावा हाच विचार करत होतो."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा हट्ट ऐकू आला. "मग मी हिरवा ओततो."

ह्यांनी मला नंतर सांगितलं. साहेबांनी हिरव्याची चिठ्ठी लावलेला कॅन निवडला. चारचारदा चिठ्ठी वाचली. घट्ट असताना दोन्ही रंग काळेच दिसतात, पाण्यात पसरल्यावरच ओळख पटते. साहेबांनी स्वतःच्या हाताने कॅन घशात उपडा केला. ओढ्याचं पाणी लाल होऊन आत गेलं. कोठारातल्या कुणीतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती, कधीच्या काळी.

साहेब तिथेच गवतावर बसले, हे म्हणाले. बराच वेळ घशाकडे बघत होते. मग म्हणाले, "आपण याला काही विचारत नाही आहोत. हेच आपल्याला सांगतंय."

तिसरी खेप झालीच नसती, पण वरच्या कचेरीला एक सरळ निकाल हवा होता: रंग ओतला, मग आला. साहेबांनी पुन्हा दिवस ठरवला, पुन्हा हिरवा. मी पुड्या टांगल्या. आदल्या दिवशी दुपारी काढल्या तर कोऱ्या. झरा काचेसारखा. हुश्श झालं. वाटलं, सुटलो, पाणी ताळ्यावर आलं.

मग जाळी साफ करायला वाकले.

पाल्यात एक दगड अडकला होता, लिंबाएवढा, पांढरा, गुळगुळीत. एका बाजूने पुट उडालं होतं आणि आत पिवळं चमकत होतं. मी नखाने खरवडलं. पितळ. अजून खरवडलं. शिट्टीचं तोंड, डाव्या बाजूने तिरकं घासलेलं.

किटलीत वर्षभरात जेवढं पुट धरतं ते मला माहीत होतं. खडकाच्या पोटात ते किती सावकाश धरतं तेही माहीत होतं, तोच माझा विषय. माझ्या तळहातावर जे होतं त्याला हजारो वर्षं लागली असती.

मी पंपघरात गेले आणि वर फोन लावला. माझा आवाज साधा यावा म्हणून आधी घोटभर पाणी प्यायले. मग लक्षात आलं कुठलं पाणी प्यायले ते.

"अहो, तुमची शिट्टी कुठे आहे?"

"गळ्यात. का गं?"

"बघा ना नीट."

"अगं, गळ्यात म्हणजे गळ्यात. सासूला सांग तुझ्या, दातात नाहीये." हे हसले. "वाजवून दाखवू?"

"नको," मी म्हणाले, पण ह्यांनी वाजवलीच. एक लांब. टेलिफोनच्या तारेतून ती बारीक होऊन कानात आली.

आणि माझ्या दुसऱ्या हातातल्या दगडात काहीतरी थरथरलं. तिरक्या तोंडातून पाण्याचा एक थेंब आला, फुगला, आणि फुटला.

"ऐकलंस?" हे म्हणाले.

"उद्या तिथे जाऊ नका."

"कुठे?"

"घशाशी. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"का?"

काय सांगणार होते मी? सांगितलं. सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग प्रेमाने, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "झऱ्याच्या त्या खोलीत फार वेळ बसू नकोस बाई. ही खेप झाली की रजा घेऊ दोघं."

घरी आले. सासूबाई मोजे विणत होत्या. मी तो दगड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उजेडाकडे धरला, अंगठा त्या तिरक्या कडेवरून फिरवला, एकदा, दोनदा. त्या कडेवर त्यांचा अंगठा पूर्वी शेकडो वेळा फिरला होता, पोराच्या तोंडातून शिट्टी ओढून काढताना.

मग त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं.

"पहाटे माथ्यावरच्या खाणीचे ट्रक जातात ना रिकामे?"

"मी वर गेले तर खेप फुकट जाईल. पाणीवालीने रंगाकडे गेलं की सगळं नासलं. नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे गेली तर. नोकऱ्या मिळतात." त्यांनी दगड परत दिला नाही, मुठीतच धरून ठेवला. "पोरगा एकच आहे मला. आणि तुला नवरा."

उजाडताना मी ट्रकमध्ये होते. ड्रायव्हरने विचारलं, एवढ्या सकाळी कुठे? म्हटलं, नवऱ्याला भेटायला. "भाग्यवान आहे," तो म्हणाला, "माझी तर फोनही उचलत नाही."

खाणीपासून पुढे चालत. माळ उघडा, गवत वाऱ्याने जमिनीला टेकलेलं. मला ठाऊक होतं की माझ्या पायाखाली सगळीकडे पाणी आहे, पण त्या सकाळी ते ठाऊक असणं वेगळं होतं. जणू एखाद्या प्रचंड जनावराच्या पाठीवरून चालले होते आणि ते जागं होतं.

लांबून दोघं दिसले. साहेब बाजूला घड्याळ घेऊन उभे. हे घशाच्या काठाशी, कॅनचं झाकण उघडत होते.

मी हाका मारल्या. वारा उलटा होता.

पळाले.

ह्यांनी वर बघितलं तेव्हा मी पाच-सहा हातांवर होते. तोंडावर आधी आनंद आला. मी तो बघितला, आजही बघते. आणि मग लगेच धसका.

"अगं, थांब! जवळ येऊ नकोस! रंग आहे हाताला!"

आणि माझ्यापासून लांब जायला म्हणून हे मागे सरकले.

एवढी वर्षं हाडात मुरलेला नियम. पाणीवाली पुढे आली की रंगवाल्याने मागे व्हायचं. एक पाऊल. दुसरं.

मागे घसा होता.

मी उडी घेतली. हातात ह्यांच्या शिट्टीची दोरी आली. दोरी तुटली. दुसऱ्या हातात बाही आली, ती मी सोडली नाही.

ह्यांच्या पायाखालचा काठ गेला. आवाज न करता गेला, ओली वडी मोडावी तसा. आम्ही दोघं गवतावर, कॅन आमच्या अंगावर.

शिट्टी वर उडालेली मला दिसली. उन्हात एकदा चमकली आणि खाली गेली.

मी पालथी पडून आत बघत होते. काठ ढासळल्याने घसा उघडा पडला होता. खाली, खूप खाली, पाणी होतं. ते पडत नव्हतं. वाहतही नव्हतं. अख्खा ओढा त्यात कोसळत होता आणि ते स्तब्ध होतं, आरशासारखं, आणि त्यात आभाळ होतं. पण आमच्या डोक्यावर ढग होते, आणि त्या आभाळात एकही ढग नव्हता.

पोटाखालच्या जमिनीत तेच घुमणं, झऱ्याच्या फरशीतलं.

मग खालून शिट्टी वाजली.

एक लांब.

साहेबांनीही ऐकली. ह्यांनीही. आम्ही तिघं त्याबद्दल पुढे कधी एकमेकांशी बोललो नाही.

खाली परतलो तेव्हा आम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत हिरवे. सासूबाई दारात उभ्या होत्या. पोराच्या गालावरून हात फिरवला, हात हिरवा झाला तो बघितला, आणि म्हणाल्या, "आता तरी एका ताटात जेवा." मग आत जाऊन बराच वेळ मोठमोठ्याने नाक शिंकरत बसल्या.

तिसऱ्या खेपेचा हिरवा घशात गेलाच नाही, आमच्या अंगावर सांडला. झरा कोरा होता तो त्यामुळे. मला हे जिना चढताना सुचलं आणि मी मधल्या पायरीवर बसले. मी वर गेले नसते तर काठ ढासळला असता का, शिट्टी पडली असती का, हे मला कुणी विचारू नये. मी विचारून थकले.

माझी नोकरी गेली नाही. बैठकीत कारखान्याचे लोक साहेबांना म्हणाले, तुमच्या रंगाची काळवेळ जुळत नाही. साहेबांनी पेपरमिंट गालात सरकवलं. "आधी आला की नंतर, ते मी सांगू शकत नाही. आला, हे खरं आहे. तुमचा गाळही येईल. कदाचित तुम्ही सोडायच्या आधीच." कुणी हसलं नाही. परवानगी नाकारली. ते गाव अजून तेच पाणी पितं.

त्या दिवसानंतर झरा थोडे दिवस गढूळ होता. निवळला तेव्हा मी जाळी शेवटची साफ केली, आणि त्यात अजून एक पांढरा गोळा सापडला. हा चपटा. पुटातून दोन काड्या बाहेर आलेल्या. चष्मा. एका काडीच्या सांध्याशी काहीतरी गुंडाळून गाठ मारलेली, तीही दगड झालेली.

मी एकेकाचा चेहरा आठवला. पण आमच्यात चष्मा कुणालाच नव्हता. ह्यांना नाही, मला नाही, साहेबांनाही नाही. सासूबाईंनी तो नाकावर चढवून बघितला. "कुण्या म्हातारीचा गेला असेल वाहून," त्या म्हणाल्या. "मला नाही बाई यातून काही दिसत. सगळा दगड." आम्ही खूप हसलो. हसण्याचे दिवस होते. मी तो गोळा बिस्किटांच्या डब्यात टाकला आणि विसरले. शिट्टी मात्र सासूबाईंनी शेवटपर्यंत उशाशी ठेवली. आमच्या मुलीला दात येताना त्यांनी तीच चावायला दिली. मी ओरडले, तर म्हणाल्या, "बापावर गेलीय, चावू दे."

हे त्यानंतर माझ्याबरोबर म्हातारे झाले. याहून जास्त मी मागितलं नव्हतं. अंथरुणात गेले, माझा हात धरून, पहाटेची चिमणी ऐकत. हातातल्या रेषांत शेवटपर्यंत कुठेतरी हिरवं होतं, निदान मला दिसायचं.

मग माझी नजर गेली. म्हणजे म्हातारपणी जाते तशी. पहिले काही चष्मे जाड काड्यांचे होते, खोक्यासारखे. गेल्या महिन्यात नातीने हौसेने बारीक तारेचा, गोल काचांचा करून आणला. "आज्जी, यात तू एकदम मास्तरीण दिसतेस." परवा त्याच्या सांध्याचा स्क्रू पडला. दुकान बंद होतं, म्हणून तिने शिवणाच्या डब्यातला निळा दोरा काढला, गुंडाळला आणि गाठ मारली. तिची गाठ मारायची पद्धत वेगळी आहे, दोन फास आणि एक उलटा. मी ती गाठ बघत बसले.

त्याच दिवशी खात्यातून फोन आला होता. कुणी तरुण बाई, गोड बोलणारी. माथ्यावर पुन्हा काहीतरी उभं राहतंय, पुन्हा रंग घालायचाय. जुना घसा ढासळून झुडपांत बुजलाय, नेमकी जागा कुणालाच माहीत नाही. तुम्ही तेवढ्याच उरलात. याल का दाखवायला? गाडी पाठवतो. काठापासून लांबच बसवू तुम्हाला, आज्जी.

मी हो म्हटलं. नात रागावली आहे. "या वयात कशाला तडफडायचं?" म्हणते.

काल दुपारी मी बिस्किटांचा डबा काढला. तो गोळा वाटीत ठेवला आणि वर व्हिनेगर ओतलं, किटली साफ करतात तसं. बुडबुडे येत राहिले. हजारो वर्षं अशी फसफसून, विरघळून वाटीत गढूळ झाली. संध्याकाळी आधी दोरा मोकळा झाला. निळा. दोन फास आणि एक उलटा.

घाबरले असं नाही म्हणणार. त्या दिवशी शिट्टी गेली आणि माणूस राहिला. चष्म्याचंही तसंच असेल. वाकताना नाकावरून घसरेल, एवढंच. आणि वाकणार तर मी आहेच. ते आभाळ मला पुन्हा एकदा बघायचं आहे.

सकाळी काचाही मोकळ्या झाल्या. धुतल्या, पदराने पुसल्या. नातीने केलेला चष्मा समोर त्याच्या घरात मिटून ठेवला आहे, निळ्या दोऱ्यासकट. गाडी खाली आली आहे, हॉर्न वाजतोय.

हे शेवटचं पान मी दुसरा लावून लिहिते आहे. अक्षर न् अक्षर दिसतंय. नंबर अगदी बरोबर आहे.